हृदयाचे बारीक पाट

भाईंदर म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे मिठागरे उभी राहतात. भरतीला खाडीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, मोठ्या पाटाने पुढे न्यायचे आणि लहान चरांतून एकेका कप्प्यात सोडायचे. आता समजा, मोठा पाट तुडुंब वाहतो आहे, पण टोकाचा कप्पा कोरडाच आहे. तेव्हा पाटाकडे बोट दाखवून 'पाणी भरपूर आहे' असे कुणी म्हटले, तर मिठागरावरचा माणूस काय म्हणेल? "अहो, चर बघा चर!"

हृदयाचेही असेच आहे.

माझ्याकडे आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंची हकीकत ऐका. रोज स्टेशनचा पूल चढताना त्यांच्या छातीत दाटून येई. एका रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. "काही झालेले नाही, मनाला लावून घेऊ नका," असे सांगून त्यांना परत पाठवले. बाई घरी आल्या, त्यांच्याबरोबर दुखणेही आले. वर घरची माणसे म्हणू लागली, 'उगाच करते.'

चाचणी खोटी नव्हती, अपुरी होती. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या वाहिन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात उमटत नाहीत. आणि हृदयाच्या स्नायूला केव्हा किती रक्त पोचवायचे, हे मुख्यतः त्याच ठरवतात. श्रम पडले की त्या रुंदावतात आणि रक्ताचा ओघ कित्येक पटींनी वाढतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी त्या बिघडल्या, की बसल्या जागी बरे वाटते. पूल चढताना मात्र पुरवठा कमी पडतो. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो.

मग न दिसणाऱ्या वाहिन्या तपासायच्या कशा? चर दिसत नसेल, तर पाणी किती वेगाने पुढे सरकते ते मोजावे! एक-तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार हृदयाच्या वाहिनीत सरकवतात. तिच्या टोकाजवळ दाब आणि तापमान मोजण्याची सोय असते. वाहिनीच्या मुखाशी थोडे सलाइन सोडतात. रक्ताहून ते थंड असल्यामुळे ते तिथवर किती वेळात पोचले, हे तारेला कळते. आधी विश्रांतीत मोजायचे, मग अ‍ॅडेनोसीन हे औषध देऊन बारीक वाहिन्या रुंदावायच्या आणि पुन्हा मोजायचे. निरोगी हृदयात ओघ अडीच पटींहून अधिक वाढतो. दुपटीचीही वाढ झाली नाही, तर कुठेतरी बिघाड आहे. दाब आणि वेळ यांच्या गुणाकारावरून या वाहिन्यांचा अडथळाही कळतो. ही रीत 2003 साली स्टॅनफर्डचे विल्यम फिअरन आणि त्यांचे सहकारी यांनी मांडली. तो आकडा 25 च्या वर गेला तर सावध व्हायचे.

नुसते नाव कळून काय उपयोग, असे कुणी विचारील. ग्लासगोच्या डॉक्टरांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा तपासणीवरून 151 रुग्णांतील काहींचे उपचार ठरवले होते. सहा महिन्यांनी त्यांची छातीदुखी इतरांपेक्षा कमी झालेली आढळली.

तेव्हा अँजिओग्राफी स्वच्छ आली तर आनंद माना. मोठा अडथळा नाही, ही चांगलीच बातमी. पण श्रमाने येणारे दुखणे थांबत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "बारीक वाहिन्यांचे काय?" सगळीकडे ही सोय नसते, मोठ्या हृदयरोग केंद्रात चौकशी करावी लागते. आणि छातीत एकाएकी कळ येऊन घाम फुटला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

त्या बाईंची पुढे ही तपासणी झाली. ओघ दुपटीहून कमी निघाला. औषधे सुरू झाली, रोजचे चालणेही सुरू झाले. दुखणे समूळ गेले नाही. मधल्या पायरीवर त्या अजून थांबतात. पण आता मुलगा हातातली पिशवी घेतो, आणि 'उगाच करते' असे घरात कुणी म्हणत नाही.