शीतकपाटाचा खर्च
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातील जे थोडे समजते, ते आपल्या रक्तपेढीतील डॉक्टरांच्या सहवासाने. जमाखर्चातील ‘वीज व देखभाल’ या रकमेविषयी नेहमी विचारणा होते. तिच्यातील एका बाबीचा खुलासा आज करू इच्छितो.

तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी वर्णिलेले रक्तगट याच खुणांवरून ठरतात. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. त्या व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’ ही खूणसुद्धा नसते. त्यामुळे ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा त्यांना चालत नाही. एका खुणेचे मोल एवढे आहे.

तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात, पिशवीतील द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस ठेवता येतात. साध्या पेशी गोठल्या तर फुटतात. उष्णतेत ठेवल्या तर जंतू वाढतात. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा चांगल्या टिकतात. पी-वन, एम, लुईस, डफी यांसारख्या काही खुणा मात्र साठवणीत क्षीण होऊ शकतात.

याचा धोका तपासणीत आहे. थॅलेसेमियाच्या बालकाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्याच्या शरीरात परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ती शोधण्यासाठी प्रयोगशाळेत ज्ञात खुणांच्या पेशी वापरतात. त्या पेशींवरील खूणच क्षीण झाली असेल, तर प्रतिपिंडे असूनही ‘आढळली नाहीत’ असा निष्कर्ष निघू शकतो, आणि न जुळणारे रक्त त्या बालकाला दिले जाऊ शकते.

यंत्रसामग्रीचा घसारा आम्ही दरवर्षी वहीत लिहितो. पेशींवरील खुणांचा घसारा बाटलीकडे पाहून दिसत नाही. म्हणून तापमानाची अखंड नोंद, धोक्याची घंटा, वीज गेल्यास जनित्र, मुदतीचे काटेकोर पालन आणि दररोज ज्ञात नमुन्यांवर पडताळणी, हे सर्व करावेच लागते.

या खर्चावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही आपल्या देणगीतील काही भाग या कामासाठी राखून ठेवावा, अशी नम्र विनंती करतो.