पाच रुपयांचं पाकीट आणि घरातली दोन मतं

आगरदांड्याहून गाड्या आणि माणसं भरून आलेली फेरीबोट दिघीच्या धक्क्याला टेकते, तेव्हा मागे राजपुरीच्या खाडीत जंजिरा दिसत असतो आणि पुढे दुकानांच्या दारात चमकत्या पाकिटांच्या माळा. बोटीतून उतरलेलं पाच-सहा वर्षांचं पोर आधी त्या माळांकडे बघतं. आई म्हणते, “घरी जाऊन जेवायचंय.” बाप म्हणतो, “असू दे गं, एकच तर मागतोय.” तोवर पोराची नजर पाकिटावरून निघून आईबापांच्या तोंडाकडे वळलेली असते. कोणाचा आवाज आधी उतरतो, हे त्याला पाठ असतं.

आजचं व्याख्यान पाकिटाबद्दल आहे, पण त्याहून जास्त ते या दोन आवाजांबद्दल आहे.

खाण्यावरून माणसांची मनं दुखावणं महाराष्ट्राला नवं नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि शहरात वादळ उठलं. टिळक आणि रानड्यांसारखी माणसं त्यात सापडली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. तेव्हा प्रश्न बिस्किट कोणाच्या हातचं, हा होता. आता ते मुलाच्या पोटात रोज किती जातं, हा आहे. तेव्हाचा वाद चावडीवर झाला. आताचा स्वयंपाकघरात होतो आणि त्याचा साक्षीदार लहान मूल असतं.

कधी कधी तो कोर्टापर्यंतही जातो. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या एका बापाने चार वर्षांच्या मुलाला मॅकडोनाल्ड्समध्ये न्यायला नकार दिला. दुसरीकडे कुठेही चल, नाहीतर जेवण नाही, असं तो म्हणाला. मुलाने ‘जेवण नाही’ निवडलं. कोर्टाने नेमलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या प्रसंगावरून बापाच्या पात्रतेवर शंका घेतली आणि बापाने त्यांच्यावरच बदनामीचा दावा लावला. या सगळ्यात ते पोर मात्र मधल्यामध्ये सापडलं.

दिघीत असे दावे होत नाहीत, पण ओढाताण तीच आहे. इथला बाप बोटीवर जातो, कित्येक दिवस दर्यावर असतो. कोणाचा बाप मुंबईला असतो, कोणाचा आखातात. तो घरी येतो तेव्हा मूल धावत येऊन पिशवीत हात घालतं. पिशवीत काहीच नसलं तर बापालाच अपराध्यासारखं वाटतं. पाच रुपयांचं पाकीट हे माया दाखवण्याचं सगळ्यात जवळचं साधन होऊन बसलं आहे, आणि त्या मायेला हसण्याचं कारण नाही. आई मात्र तीसही दिवस घरात असते. पाकीट खाल्ल्यावर रात्री भाकरीला ‘नको’ म्हणणारं तोंड तिलाच बघावं लागतं. बाप परत निघून जातो, ‘नाही’ म्हणणारी वाईट आई तेवढी मागे उरते. त्यात आजी असली तर तिसरं मत: “खाऊ दे, पोट तरी भरेल.”

आता ते पाकीटच हातात घेऊ. पुढच्या बाजूला चित्र आहे, ते सोडा. उलटं करा. घटकांची यादी नियमाने वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. नूडल्सच्या पाकिटावर पहिला शब्द बहुतेक वेळा मैदा असतो, त्यामागून पामतेल. झटपट नूडल्स जपानच्या मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली बाजारात आणल्या. त्यांची युक्तीच अशी की उकडलेल्या शेवया तेलात तळून कोरड्या करायच्या, म्हणजे गरम पाणी पडलं की त्या लगेच मऊ होतात. आई ज्याला ‘उकडलेलं’ समजून वाढते, ते आधीच तळलेलं असतं. मग सोडियमचा आकडा बघा. मिलिग्रॅममध्ये असतो, म्हणून लहान वाटतो. त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसभरात मीठ पाच ग्रॅमहून कमी पुरे, लहान मुलाला त्याहूनही कमी. हा गुणाकार सातवीतलं पोर करू शकतं. घरोघरी त्यालाच करायला सांगावा.

“आम्हीही हेच खाऊन वाढलो, काय झालं आम्हाला?” असं बाप विचारतो. प्रश्न रास्त आहे. मॅगी भारतात १९८३ साली आली, मुंबईत पहिलं मॅकडोनाल्ड्स १९९६ साली उघडलं, आणि वडापाव तर दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी सुरू केला असं मानतात. पण आजच्या बापाच्या लहानपणी वडापाव म्हणजे बाजाराचा दिवस, एसटी स्टँड, नाहीतर जत्रा. तो रोजच्या जेवणाच्या जागी बसला नव्हता. आता पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांनी ही वस्तू शाळेच्या वाटेवर आणून ठेवली आहे. सणाचं खाणं रोजचं झालं, ही खरी अडचण.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी आणि पाचवी फेरी शेजारी ठेवली तर महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. त्याच पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं ३५.२ टक्के होती. एकाच राज्यात खुंटलेली मुलंही आहेत आणि फुगलेलीही. युनिसेफने २०२५ साली सांगितलं की जगात ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण, ९.४ टक्के, पहिल्यांदाच कमी वजनाच्या प्रमाणाहून, ९.२ टक्क्यांहून, वर गेलं. आजीचं ‘पोट तरी भरेल’ इथे अपुरं पडतं. पोट भरतं, पण हाडामांसाला काही मिळत नाही.

मग आईने सक्त बंदी घालावी? त्यानेही काम होत नाही. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअॅन बर्च यांनी १९९९ साली लहान मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक खाऊ मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवून त्यावर बंधन घातलं, दुसरा मोकळा ठेवला. बंधन घातलेल्याबद्दल मुलं जास्त बोलू लागली, तोच मागू लागली. कपाटाच्या वरच्या फळीवर लपवलेलं पाकीट घरातल्या पोराला कसं खुणावतं, ते कुठल्याही आईला ठाऊक आहे. बापाचं ‘एवढं काय त्यात’ पुरतं खोटं नाही ते या अर्थाने.

याहून जुना आणि विलक्षण प्रयोग शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांचा. १९२० च्या दशकात सुरुवात करून त्यांनी नुकतं अंगावरचं दूध सुटलेल्या पंधरा बाळांपुढे तीसहून जास्त साधे पदार्थ मांडले आणि काय खायचं, किती खायचं ते बाळांवर सोडलं. नर्सने आग्रह करायचा नाही, नाक मुरडायचं नाही. बाळं धडधाकट वाढली. एकाला मुडदूस होता. त्याच्यापुढे माशाच्या यकृताचं तेल ठेवलं, ते त्याने बरं होईपर्यंत आपण होऊन प्यालं. पुढे १९३९ साली डॉ. डेव्हिस यांनी स्वतःच सांगितलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, पाकिटातलं काही नव्हतं. निवड बाळांची, पण यादी मोठ्यांची.

भांडण नेमकं कुठे चुकतं ते इथे कळतं. आईबाप ताटावर भांडतात, पोरासमोर, भूक लागलेली असताना. एकमत व्हायला हवं ते यादीवर: घरात काय भरायचं, पाकीट आठवड्यात कोणत्या दिवशी, वडापाव कुठे. ते दोघांनी मुलं झोपल्यावर ठरवावं. एकदा ठरलं की दुकानाच्या दारात दोघांचं उत्तर एकच. किती खायचं ते मग पोरावर सोडावं.

यादी चांगली ठेवणं इथे अवघड नाही. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. घरात सुका जवळा असतो. तो नीट निवडायचा, तव्यावर मंद आचेवर कोरडाच परतायचा, कुरकुरीत होऊन वास सुटला की उतरवायचा. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, थोडं तिखट घालून खलबत्त्यात कुटायचा. तांदळाच्या गरम घावणावर ती चटणी पसरून गुंडाळी करून द्या. मुलाला कुरकुरीत आणि खमंग हवं असतं, ते यात आहे. मीठ मात्र चाखूनच, जवळा मुळात खारट असतो.

पण ही गुंडाळी करायची कोणी? हा प्रश्न टाळून आहारावर बोलणं अन्यायाचं आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाकिटाला नाही म्हणणारीला त्याच्या जागी काहीतरी रांधावं लागतं. हो म्हणणाऱ्याला फक्त खिशात हात घालावा लागतो. ज्याचं मत पाच रुपयांत पुरं होतं, त्याने दुसऱ्या मतामागचे कष्ट मोजायला हवेत. आई दमून एखाद्या संध्याकाळी स्वतःच नूडल्स उकळते, तेव्हा तिला ‘आता कुठे गेले तुझे नियम’ असं विचारणं क्रूर आहे.

कायदा घराच्या बाहेर थोडी मदत करतो. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जादा मीठ-साखर-चरबीचे पदार्थ काढायला सांगितले. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. गावातल्या शाळेपासून टपरी किती अंतरावर आहे ते पावलं टाकून मोजता येईल, आणि शाळा व्यवस्थापन समितीत आईबापांना बसायला जागाही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. कारखाने येतील, पगार येतील, त्यामागून बर्गर-पिझ्झाची दुकानंही येतील. एकमत त्याआधी व्हावं.

त्यासाठी वेळही अगदी समोर आहे. १ जूनला मासेमारी बंद होईल, यांत्रिक बोटी ३१ जुलैपर्यंत किनाऱ्यावर राहतील. ६१ दिवस बोटीवरचा बाप घरात असेल, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडेल. बापमाणसांना एवढीच विनंती आहे की यंदा त्या दिवसांत मुलांच्या दप्तरातला डबा आठवड्यातून तीन दिवस तुम्ही भरा. जवळा कुठल्या डब्यात ठेवला आहे, ते घरात विचारून घ्या.