बेचाळीस किलोमीटर आणि साडेसात पंप



बोरी बुद्रुकला कुकडीकाठानं पहाटे पळणारी पोरं दिसली, की ती भरतीची तयारी करताहेत असं आपण धरूनच चालतो. पण दुसऱ्याच्या मूत्रपिंडासाठीही पळता येतं. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, आता ती जानेवारीत भरते. अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे बोरीहून पुण्याची साधारण निम्मी वाट! धावणारा एखादी नोंदणीकृत संस्था निवडतो आणि ओळखीपाळखीच्यांना म्हणतो, मी पळतो, तुम्ही संस्थेला द्या. पैसा त्याच्या खिशात नाही, संस्थेकडे जातो.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना पैसा लागतो कशाला एवढा? डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो. चार तासांचे झाले १२० लिटर. फवारणीचे सोळा लिटरचे साडेसात पंप! त्यासाठी विहिरीचं पाणी तसंच चालत नाही, आरओनं शुद्ध केलेलं लागतं. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानं गरिबांना मोफत सोय दिली खरी, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी? तिथं देणगी कामी येते.

आणि पळणाऱ्यांनो, गुडघा दुखतो म्हणून गोळी खाऊन उन्हात पळू नका. अंगात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते. शर्यतीआधी रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन तपासून घ्या. शर्यतीला जायचं नसलं, तरी घ्या.