सहीच्या आधी



मुख्याध्यापक सरांनी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, मुलांना तुमच्या क्षेत्राबद्दल सांगा. कंपन्यांचे वकील काय करतात, ते कळू दे." सांगणार आहे. पण फाटकातून आत आल्यापासून मला कोपऱ्यावरचा आमचा दहावीचा वर्गच दिसतोय. त्या वर्गात मराठी शिकवणारे सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, धडा समजावण्याआधी तुम्ही तो एकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि शेजारच्यानं पुस्तकात बोट ठेवून ऐकायचं. एखादा शब्द गळला की त्यानं हात वर करायचा. ज्वारीच्या काढणीत निम्मा वर्ग रानात असायचा, तरी तुमचं वाचन थांबलं नाही. खेड्यातून येणारी पोरं एसटी चुकली की धापा टाकत यायची. त्यांना न रागावता तुम्ही झालेला परिच्छेद पुन्हा वाचायला लावायचा. एकदा हात वर करायला मी बिचकत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "चूक दाखवणं हा उद्धटपणा नाही, तुझं कामच आहे ते." सर, त्या एका वाक्यावर माझी वकिली उभी आहे.

सोलापूरला दयानंद विधी महाविद्यालयात शिकून मी मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिपला लागले. मुंबईची ही जुनी रीत आहे. तीन वर्षं सॉलिसिटरच्या हाताखाली काम करायचं आणि मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. ही संस्था 1894 सालची. सॉलिसिटर आणि वकील हा कायद्यातला भेद 1977 पासून गेला, परीक्षा मात्र आजही होते आणि चांगल्या चांगल्यांना घाम फोडते. फर्ममध्ये मला पहिलं काम मिळालं ते 'कंपेअर' करण्याचं. एकानं मंजूर मसुदा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पक्क्या प्रतीवर बोट ठेवून तो जुळवायचा. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. माझ्याबरोबरची मुलं मोठ्या शाळांतून आलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. त्यांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. मला त्याची सवय इथंच, या वर्गात लागली होती.

कंपन्यांच्या वकिलाचं काम फार लांबवत नाही. एक कंपनी दुसरी विकत घेते, बँक कारखान्याला कर्ज देते, कुणी माळरानावर सौर प्रकल्प उभारतं. या सगळ्यांचे करार आम्ही लिहितो आणि त्याआधी समोरच्याचे कागद तपासतो. जमिनीचा व्यवहार असेल तर तीस-तीस वर्षं मागे जाऊन फेरफार बघायचे. इथं मात्र आपल्या वैरागच्या पोरांनी मान ताठ ठेवावी. सातबारा, आठ-अ, वारस नोंद, इतर हक्कांच्या रकान्यातला बोजा हे शब्द तुम्ही जेवता-जेवता ऐकलेले असतात. मुंबईतला हुशार मुलगा ते पुस्तकातून शिकतो. फर्ममध्ये सातबाऱ्याचा गठ्ठा आला की तो माझ्या टेबलावर यायचा, आणि मोठे वकील खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायचे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून या क्षेत्राला घाबरू नका. इंग्रजी वर्षा-दोन वर्षांत येतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते सांगते. वाचल्याशिवाय सही करू नका. पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत स्वतः वाचा. घाई करणाऱ्याला थांबवा. "फॉर्मॅलिटी आहे, इथं-इथं सही करा" असं कुणी म्हणालं, तर तोच कागद दोनदा वाचा.

हे मी वकील म्हणून बोलत नाही, या मातीची मुलगी म्हणून बोलते. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या काढून जाळल्या. ते लोण पुढं नगर जिल्ह्यात पसरलं. त्या खतांवर त्यांच्याच निशाण्या आणि अंगठे होते, पण आत काय लिहिलंय ते बहुतेकांना वाचता येत नव्हतं. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तो पुणे, सातारा, नगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागू झाला. गावासाठी निबंधक नेमायचा, शेतकऱ्याचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहायचा आणि त्याला समजावून द्यायचा, अशी तरतूद त्यात होती. आपल्या पणजोबांना कागद वाचून दाखवायला सरकारला माणूस नेमावा लागला. तुम्हाला तर वाचता येतं! मग मोबाईलवर 'मला मान्य आहे' हे बटण न वाचता कसं दाबता?

पालकांनो, तुम्हीही ऐका. तिसऱ्या रांगेत माझ्या वर्गातले चार-पाच जण बसलेत, त्यांच्याकडं बघूनच बोलते. पाहुण्याला नाही म्हणवत नाही म्हणून आपण पतसंस्थेत जामीन राहतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 बघा. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदार हप्ते भरेनासा झाला की नोटीस तुमच्या दारात येते. बचत गटाच्या ताया, माऊल्या डावीकडं बसल्यात. घरातले म्हणतात म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका. बक्षीसपत्रावर नको, हक्कसोडपत्रावर तर मुळीच नको. भावाला जमीन द्यायची असेल तर खुशाल द्या, पण काय देतोय ते वाचून द्या. पोरींनो, आईला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, आणि कुणी डोळे वटारले तरी मध्ये थांबू नका.

मुख्याध्यापक सर, एक मागणं आहे. शनिवारची शाळा सुटल्यावर एक वर्ग उघडा ठेवा. सातबारा, भाडेकरार, कर्जाचा अर्ज, विम्याची पॉलिसी असे कोरे नमुने मी पाठवते. मुलांनी ते मोठ्यानं वाचायचे, शेजारच्यानं बोट ठेवायचं. दर तिमाहीला मी स्वतः येईन. मराठीच्या सरांनी पहिला वर्ग घ्यावा, अशी माझी विनंती आहे. सर, तुम्ही मान हलवलीत, म्हणजे ठरलं.

गाण्याची मुलं मघापासून तयार होऊन पडद्याआड उभी आहेत. बक्षिसांची यादी द्या, आपण सुरुवात करू.