एक दिवस तरी एकट्यानं



आपल्या शाळेच्या बक्षीस समारंभाला बोलावताना मुख्याध्यापक सरांनी पत्रात लिहिलं होतं की पूलबांधणीच्या, म्हणजे माझ्या, क्षेत्रात काय संधी आहेत ते मुलांना सांगा. सांगते. पण व्यासपीठावर येऊन बसले आणि समोर पहिल्याच रांगेत आमच्या भूगोलाच्या बाई दिसल्या. बाई, तुम्ही आमच्याकडून कोकणातल्या खाड्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पाठ करून घेतल्या होत्या. धरमतर, रोहा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. एखादी मागेपुढे झाली की पुन्हा डहाणूपासून सुरुवात! घाटावरच्या या गावात तेव्हा निम्म्या वर्गानं समुद्र पाहिलेला नव्हता. पण सावित्री बाणकोटला मिळते, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आम्ही सांगत होतो.

पुढे नोकरीत स्थिरावल्यावर त्याच खाड्या मी सायकलवरून, एकटीनं ओलांडल्या. त्यातला एक दिवस तुम्हांला सांगते.

दापोलीहून उजाडता उजाडता निघाले. मुक्काम गणपतीपुळ्याला, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि मधे दोन खाड्या. नकाशात रस्ता किनाऱ्याच्या कडेनं जातो, त्यामुळे सपाट वाटतो. प्रत्यक्षात तिथे जांभ्याचे उंच सडे, म्हणजे पठारं, आहेत आणि नद्यांनी, ओढ्यांनी ते खोल कापलेले आहेत. रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पलीकडे सड्यावर चढतो, पुन्हा उतरतो. एक मोठा घाट चढून मोकळं झालेलं परवडलं, इथे दिवसभर हेच चालतं. चढाला हलका गिअर टाकायचा आणि दम लागणार नाही अशा बेतानं पाय फिरवत राहायचं. उताराला ब्रेक आवळून धरायचे नाहीत, दाबत-सोडत यायचं. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगी बाणतं ते तिसऱ्या-चौथ्या चढाला.

दाभोळला फेरीबोटीत मोटारसायकलींच्या शेजारी सायकल उभी केली. मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "एकटीच निघालीस?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग पाणी गुहागरातच भरून घे. पुढे सड्यावर कुणी भेटायचं नाही." एकट्या माणसाशी लोक असे आपणहून बोलतात. घोळक्यानं गेलं की घोळका आपापसांतच बोलत राहतो.

धोपाव्याला उतरून गुहागर, पालशेत करत हेदवी मागे टाकली आणि भर उन्हात, सावलीचं एक झाड नाही अशा सड्यावर मागचं चाक बसलं. सायकल उलटी केली, चाक काढलं, ट्यूब बाहेर घेतली. बुडबुडे बघायला जवळपास पाणी नव्हतं. अशा वेळी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळून हळूहळू फिरवायची. भोक असेल तिथे हवेची बारीक झुळूक लागते. ती जागा घासली, सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, पॅच दाबून बसवला. आता मुलांनो, नीट ऐका. खरं काम इथून पुढे असतं. टायरच्या आतून बोटं फिरवायची आणि काटा शोधायचा. तो सापडल्याशिवाय ट्यूब आत घालायची नाही, नाहीतर शंभर पावलांवर पुन्हा तेच. माझा काटा बाभळीचा होता, टोक आतल्या बाजूला जेमतेम टोचत होतं.

चाक बसवेपर्यंत ऊन कललं होतं. पुढे तवसाळला जाऊन जयगडची फेरी गाठायची की मागे फिरून हेदवीला राहायचं? विचारायला शेजारी कुणी नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, उरलेलं अंतर पाहिलं, पायांत किती बळ आहे ते पाहिलं आणि पुढे जायचं ठरवलं. फेरी मिळाली. पण समजा मागे फिरले असते, तरी तो निर्णयही माझाच असता. म्हणून मी सांगते, विशी ओलांडायच्या आत एक दिवस तरी एकट्यानं जा. सोबत माणसं असली की आपण त्यांच्या मतानं थांबतो, त्यांच्या मतानं निघतो. एकटं असलं की प्रत्येक वळणावर आपल्यालाच विचार करावा लागतो आणि त्याची सवय होते.

जयगडहून गणपतीपुळ्याच्या जरा अलीकडे मालगुंड लागतं. कवी केशवसुतांचं जन्मगाव. बाईंच्या शेजारी आमचे मराठीचे सर बसलेत. सर, दिवेलागणीला तिथून जाताना तुमचा तास आठवला. तुम्ही कविता शिकवताना पुस्तक मिटून ठेवायचात.

पुलांचं सांगायचं राहिलं. खाडीवरचा पूल म्हणजे वर दिसतो तेवढाच नव्हे. गाळातून खाली बहुधा पक्क्या खडकापर्यंत पाया न्यावा लागतो आणि खालून होड्या जातील एवढी उंची ठेवावी लागते. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करा, या क्षेत्रात काम भरपूर आहे. बाकीचं कार्यक्रमानंतर ज्यांना हवं त्यांनी येऊन विचारा.

आता पालकांशी बोलते, विशेषतः मुलींच्या पालकांशी. १९६३ साली डर्व्हला मर्फी आयर्लंडहून सायकलवर एकटी निघाली आणि भारतात पोहोचली. २०१८ साली आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकानं लुटलं, तरी तिनं प्रवास पुरा केला. वेदांगीच्या घरच्यांनाही काळजी वाटली असेलच. एकटं जाणं म्हणजे न सांगता जाणं नव्हे. मार्ग घरी लिहून ठेवा, ठरल्या वेळी फोन करा, हेल्मेट घाला, अंधाराच्या आत मुक्काम गाठा. आणि पालकहो, मुलीनं एवढं सगळं केलं की तुम्ही मोटारसायकलवरून तिच्या मागे मागे जाऊ नका.

शंभर किलोमीटर नकोत. शेजारच्या तालुक्याच्या गावापर्यंत जा आणि परत या. साधी, बिनगिअरची सायकल चालेल. पण एक दिवस तरी एकट्यानं जा.

मुख्याध्यापक सर, शाळेला माझी एक विनंती आहे. नववीच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पंक्चर काढता आलंच पाहिजे, असा नियम करा. त्यासाठी लागणारे पंप, पाने, पॅच मी शाळेला देते, आणि येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक शनिवार द्या, शिकवायला मी स्वतः येते. त्या दिवशी ज्याला काटा शोधता येईल, त्याच्या घरी जाऊन, त्याला एकट्याला सोडा असं सांगायची जबाबदारी माझी.