पाळकाचे घर



विष्णुपुरीस गोदाकाठी बसून ख्रिस्ती पाळकाच्या जीवनाविषयी बोलावयाचे, तर आम्हांस नदीच्या वरच्या अंगास जावे लागते. नाशिकजवळचे जलालपूर याच गोदावरीच्या तीरी आहे. तेथील गोखल्यांच्या घरी, सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत, लक्ष्मीबाई वाढल्या. त्यांचे यजमान कवी नारायण वामन टिळक. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि चालता संसार एका दिवसात दुभंगला.

ख्रिस्ती मंडळीत उपाध्यायाला पाळक म्हणतात. मेंढरे राखणारा तो पाळक. शब्द गोड आहे, पण त्यात रोजची पायपीटही आहे. टिळकांनी अहमदनगर, राहुरी या बाजूला अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली. शिकवले, उपदेश केला, आणि परक्या चालीवर गाणाऱ्या मंडळीला अभंग आणि भजने दिली. आपल्या मातीतल्या शब्दांत देवाला हाक मारता येणे, हा आनंद त्यांना नवा नव्हता. तो त्यांनी तुकोबांकडून आणला होता. पण ज्या माणसाने इतरांना शांतीचा निरोप सांगावा, त्याच्याच घरचे माणूस त्याच्यामुळे रडत होते. हे आव्हान कोणत्याही वादसभेपेक्षा अवघड, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. मग परत आल्या, पण त्या पत्नी म्हणून; धर्म त्यांनी आपला ठेवला. एका घरात दोन धर्म नांदले. पुढे राहुरीस त्यांचे मन जातिभेदावर विचार करू लागले, तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास हरकत उरली नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पाळकाला आपल्या घरातल्या माणसासाठीच पाच वर्षे थांबावे लागले! उतावळ्या उपदेशकांनी हा हिशेब जरूर मांडावा.

दुसरे दुखणे पगाराचे. धर्मांतर केलेल्या माणसाला 'पोटासाठी बाटला' हे ऐकावेच लागे, आणि परदेशी मिशनचे वेतन घेणाऱ्याला त्याचे उत्तर देणे कठीण. १९१७ साली टिळकांनी ते वेतन सोडले व 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला, दोघांनाही तेथे जागा होती. कल्पना मोठी, पण हाती आलेला पैसा देऊन टाकणाऱ्या पुरुषाने पगारही सोडावा, तेव्हा चूल कोणी पेटवायची? आम्ही 'स्मृतिचित्रे' वाचताना हसतो खरे, पण त्या हसण्याच्या मागे हा प्रश्न उभाच असतो.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. दरबार पुरता उभा राहिला नव्हता. त्यांचे 'ख्रिस्तायन'ही अपुरे राहिले. ते पुढे लिहावयास बसल्या त्या लक्ष्मीबाई. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. वाचायला त्यांना टिळकांनीच शिकवले होते.