पोलिसांचा वायरलेस आणि आपण
(गणेशोत्सवातील भाषण)



मिरवणुकीत पोलिसांच्या वॉकी-टॉकीवरचे बोलणे आपल्या कानावर पडते. अमेरिकेत हौशी लोक असे बोलणे घरी स्कॅनर लावून वर्षानुवर्षे ऐकत आले. आपल्याकडे १९३३ च्या कायद्यानेच विनापरवाना वायरलेस यंत्र बाळगण्यास मनाई केली होती.

आता तिकडेही दारे बंद होत आहेत. शिकागो पोलिसांनी २०२२ मध्ये संभाषण सांकेतिक केले. लोकांना ते अर्ध्या तासाने ऐकू येते. न्यूयॉर्कमध्येही २०२३ पासून हे सुरू झाले.

गुप्तता हवीच. २००८ च्या मुंबई हल्ल्यात पाकिस्तानातील सूत्रधार टीव्हीवरील थेट चित्रण पाहून अतिरेक्यांना सूचना देत होते.

पण संकटात माहितीही हवी. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने आपल्या शेजारचे नागपट्टिणम उद्ध्वस्त केले. त्या वेळी अंदमानात भारती प्रसाद यांच्या हॅम पथकाने पोर्ट ब्लेअरहून लोकांचे निरोप पोहोचवले. हॅम रेडिओवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: चालू कारवाई गुप्त राहू द्या, पण पुराची, वादळाची सूचना लोकांना लगेच मिळावी. शिवाय प्रत्येक संभाषणाची नोंद जपावी व चौकशीत ती मिळावी. आपल्या सरस्वती महालातील मोडी कागद जपले गेले, म्हणूनच तंजावरच्या मराठी राजांचा कारभार आज आपल्याला कळतो.

गणपती बाप्पा मोरया!